पाणी बचतीचा सल्ला मागता, मग उत्तरही द्या



दिवाळी झाली की हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांत जो तो एकच प्रश्न विचारतो. आवर्तन कधी? चहाच्या टपरीवर तोच प्रश्न, सोसायटीच्या ओट्यावर तोच आणि लग्नाच्या मांडवातही तोच. उत्तर मात्र गावात नसते, ते पुण्यात असते. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समितीची बैठक बसते. आमदार, पाटबंधारे खात्याचे साहेब आणि महापालिकेचे साहेब आपापले आकडे मांडतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, तेव्हा आपल्याला कळते की रब्बीला एक पाळी मिळणार की दोन. तोवर निम्म्या गावाची पेरणी उरकलेली असते.

या समितीच्या नावातच 'सल्लागार' असा शब्द आहे. अलीकडे सल्ल्याचे प्रकारही वाढले आहेत. पाण्याचे दर ठरवायचे असले की जनसुनावणी, नियम बदलायचे असले की हरकती आणि सूचना, उन्हाळा कडक निघाला की पाणी बचतीवर विचारविनिमय. माझी कृषी खात्यातली नोकरी आता तीस वर्षांच्या घरात आली. अशा बैठकांना मी कधी खात्यातर्फे तर कधी रजा टाकून बसलो आहे, शेतकऱ्यांना बरोबर घेऊनही गेलो आहे. पण आता कुणी "साहेब, पुण्याला पाण्याची बैठक आहे, चलता का?" म्हणाले की पाय जड होतो. असे का होते ते आज सविस्तर लिहितो. तिथे जे ठरते त्यावर आपल्या गव्हाचे शेवटचे पाणी टांगलेले असते, म्हणून हा विषय अंगावर झटकून टाकण्यासारखा नाही.

आधी पाण्याचा हिशोब

टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी धरतात. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. असा आकडा कानावरून जातो, डोक्यात बसत नाही. म्हणून शेताच्या मापात सांगतो. एका एकरात १० सेंटीमीटर पाणी भरायचे तर ४ लाख लिटर लागतात. म्हणजे १ टीएमसी पाणी शेताच्या तोंडाशी पोहोचले तर ७० हजार एकरांची एक पाळी होते. वाटेत कालव्यात आणि चाऱ्यांत निम्मे मुरले असे धरले, तरी ३५ हजार एकर भिजतात. बैठकीत कुणी "एखादा टीएमसी इकडे-तिकडे" म्हणाले, तर त्या शब्दांमागे एवढे रान आहे हे ध्यानात ठेवावे.

खडकवासला धरण १८७९-८० च्या सुमारास पुरे झाले. पुणे शहर, लष्कराची छावणी आणि कालव्याकाठची शेती या सर्वांसाठी ते बांधले होते. शहर आणि शेत एकाच ताटात जेवतात ते तेव्हापासून. महात्मा जोतीराव फुल्यांनी याच कालव्याच्या पाण्यावर मांजरीला शेती केली होती. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी इरिगेशन खात्याला चांगले बोल लावले आहेत, आणि प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानाने तोटी बसवून पाणी द्यावे असेही सुचवले आहे. मोजून पाणी द्या ही मागणी सरकारची म्हणून आज आपल्याला ऐकवतात. ती मूळची शेतकऱ्याच्या बाजूने झालेली आहे, आणि तिला एकशे चाळीस वर्षे होऊन गेली.

पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि खडकवासल्यालाही खिंडार पडले. धरणे पुन्हा उभी राहिली, वरसगाव आणि टेमघरची भर पडली आणि नवा मुठा उजवा कालवा दोनशे किलोमीटरचा पल्ला गाठत इंदापूर तालुक्यात पोहोचला. तिकडे शहरही वाढत राहिले. महापालिकेबरोबरच्या करारात शहरासाठी साडेअकरा टीएमसी पाणी धरले होते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. अलीकडे महापालिकेची वर्षाची मागणी २० टीएमसीच्या वर गेली आहे. भामा आसखेडचे पाणी २०२१ पासून शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले, तरीही खडकवासल्यावरचा भार काही उतरला नाही.

शहरातल्या माणसाला प्यायला पाणी मिळू नये असे कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरीही म्हणत नाही. आपलीच मुले-मुली हडपसरला, वाघोलीला, धायरीला बिऱ्हाड करून आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आहेत. पिण्याच्या पाण्याचा मान पहिला, हे आपल्याला मान्यच आहे. वाद आहे तो पहिल्या घागरीनंतरच्या पाण्याचा.

'भागधारकां'ची बैठक

आता एका बैठकीची हकिकत सांगतो. ती कुणी बोलावली होती त्यांचे नाव घेत नाही, कारण असाच अनुभव मला आणखी दोन-तीन ठिकाणी आला आहे.

विषय होता पाण्याची बचत. दिवस मार्चमधला, वार कामाचा, वेळ सकाळी अकराची, जागा पुण्यातले एक वातानुकूलित सभागृह. ग्रामपंचायतीत पत्र आले तेव्हा मध्ये चार दिवस होते. गव्हाची मळणी चालू, ऊसतोडीची टोळी फडात. तरीही इंदापूर आणि दौंडकडचे मिळून पंधरा-वीस जण आले. इंदापूरकडच्या मंडळींनी पहाटे पाचची एसटी धरली होती. दारात नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाच्या छातीला एक चिठ्ठी लावली, तिच्यावर छापले होते 'भागधारक'. आमच्याबरोबर सत्तरीच्या पुढचे एक आजोबा होते. त्यांनी चष्मा सारून चिठ्ठी वाचली आणि मला विचारले, "साहेब, यात आपले शेअर्स आहेत का?" कारखान्याचे भागधारक ते चाळीस वर्षे होते, त्यामुळे त्यांचा प्रश्न रास्तच होता. भागधारकाला वर्षाच्या शेवटी अहवाल मिळतो, सभेत हिशोब विचारता येतो. या चिठ्ठीवर तसे काहीच मिळणार नव्हते.

सभा अकराला होती, सुरू झाली पावणेबाराला. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रमुख पाहुण्यांचे भाषण. मग भिंतीवर चित्रे दिसू लागली. मजकूर सगळा इंग्रजीत, बोलणे निम्मे इंग्रजीत. दात घासताना नळ बंद करा, शॉवरऐवजी बादली घ्या, गाडी पाइपाने धुऊ नका. गोष्टी चुकीच्या नव्हत्या. पण दौंड तालुक्यातल्या एक आक्का शेवटी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे नळच नाही, तर तो बंद कसा करायचा तेवढे सांगा." सभागृह हसले, व्यासपीठावरचे साहेबही हसले. उत्तर मात्र कुणी दिले नाही. त्या बाईंच्या घरी रात्रीच्या पाळीचे पाणी धरायला नवरा जातो तेव्हा कंदील त्या धरतात, आणि पाणी चारीला किती वाजता आले, किती वाजता तुटले, हे घरात त्यांच्याइतके कुणाला पाठ नसते. त्यांना विचारले असते तर चारीचा महिन्याचा हिशोब तोंडी मिळाला असता.

लोकांसाठी वेळ उरला वीस मिनिटे. प्रत्येकाला दोन मिनिटे, अशी सूचना झाली. एका शेतकऱ्याने विचारले, शहरात नळाला पोहोचण्याआधी किती पाणी गळते? उत्तर आले, "तो आजचा विषय नाही." दुसऱ्याने विचारले, यंदा कालव्याला किती पाळ्या? उत्तर आले, "ते समिती ठरवेल." मग एकेक छापील कागद वाटला. तुम्ही ठिबक वापराल का, होय किंवा नाही. पाण्याचा दर वाढल्यास पाणी जपून वापराल का, होय किंवा नाही. पुण्याहून दीडशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाचा सल्ला या दोन चौकटींत मावत होता.

निघताना टेबलांकडे नजर गेली. पाणी बचतीच्या सभेत प्रत्येक खुर्चीपुढे एक प्लॅस्टिकची बाटली ठेवली होती. बहुतेक बाटल्या अर्ध्या पिऊन तशाच सोडलेल्या होत्या. आजोबांनी आपली बाटली पिशवीत टाकली आणि शेजारच्या दोन अर्ध्या उरलेल्या बाटल्याही घेतल्या. "परतीच्या एसटीत लागेल," एवढेच म्हणाले.

त्या सभेचे पुढे काय झाले हे विचारणारी दोन पत्रे मी पाठवली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला एका ओळीचे आले, "आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे." कोणत्या सूचनेची, कुठल्या वहीत, आणि त्यातली कोणती मानली, कोणती नाकारली, यातले काहीही नाही.

टिपून न घेतलेली एक सूचना

माझा राग बाटल्यांवर किंवा इंग्रजी चित्रांवर फारसा नाही. त्या दिवशी एक लाखमोलाची सूचना आली आणि ती कुणी टिपून घेतली नाही, हे मला खुपते.

इंदापूरकडच्या एका मध्यमवयीन शेतकऱ्याने आपल्या दोन मिनिटांत सांगितले, "रब्बीला किती पाळ्या देणार आणि कोणत्या आठवड्यात, हे आम्हाला पेरणीच्या आधी सांगा. मग पाणी आम्ही आपोआप वाचवतो." एवढे बोलून तो बसला.

शेतीच्या दृष्टीने याचा अर्थ पाहा. गव्हाला मध्यम ते भारी जमिनीत पाच-सहा पाणी लागतात. हरभऱ्याला दोन-तीन पुरतात. ज्वारी तर ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या रानात एखाद्या संरक्षित पाण्यावरही पदरात पडते. गहू की हरभरा हा निर्णय शेतकरी ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घेतो, कारण बागायती हरभऱ्याची पेर २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबरच्या दरम्यान साधावी लागते आणि वेळेवरचा गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. दोनच पाळ्या मिळणार हे त्याला आधी कळले, तर तो चारपैकी तीन एकर हरभरा पेरतो. कळले नाही, तर आशेवर गहू पेरतो. मग जानेवारीत गहू पोटरीत असताना कालवा कोरडा पडतो आणि तो विहीर उपसतो, बोअर पाडतो, रात्री कालव्यात पाइप टाकतो. एका एकरात गव्हाऐवजी हरभरा घेतला आणि तीन पाळ्या वाचल्या, तर १० सेंटीमीटरच्या मापाने १२ लाख लिटर पाणी वाचते. हे पाणी कुठल्याही घोषणेने वाचत नाही, तारखेने वाचते.

अशी सूचना जिथे 'नोंद घेण्यात आली आहे' या ओळीत बुडते, तिथे बचतीच्या नावाने लोकांना बोलावून काय साधते? धरणात १५ ऑक्टोबरला किती पाणी आहे हे खात्याला माहीत असते. शहराला रोज किती उचलू द्यायचे हे त्याच दिवशी ठरवता येते. उरलेल्याचा आकडा सांगायला दिवाळीनंतरच्या बैठकीची वाट पाहावी लागते, ती का, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

कायद्यातला सल्ला

कुणी म्हणेल, एखाद्या सभेवरून एवढे कशाला? तर मोठ्या पातळीवरही असेच घडले आहे, आणि ते जाहीर आहे.

२००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. अशा प्रकारचे देशातले पहिले म्हणून त्याची बरीच चर्चा झाली. धरणांतल्या पाण्याचे ठोक दर ठरवताना लोकांचे म्हणणे ऐकले पाहिजे, अशी त्यात सोय आहे. २००८ ते २०११ या काळात पहिल्यांदा दर ठरवायचे काम निघाले. खाजगी सल्लागाराकडून मसुदा तयार झाला आणि तो आला इंग्रजीत. ज्यांच्याकडून पाणीपट्टी घ्यायची त्यांनी वाचायचा कागद त्यांच्या भाषेत नव्हता. मराठी मसुदा द्या, पुरेसा वेळ द्या, म्हणून पुण्याच्या 'प्रयास' सारख्या अभ्यास करणाऱ्या संस्थेला आणि लोकाभिमुख पाणी धोरण संघर्ष मंचाला मागे लागावे लागले. त्यानंतर मराठी कागद आला, विभागवार बैठका झाल्या आणि शेतकऱ्यांनी त्यांत मुद्देसूद भांडण मांडले. मागे लागले की मिळते, एवढे यातून दिसले.

पण त्याच २०११ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी यांच्यात वाटणी करण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला, आणि उच्चाधिकार समितीने आधी शेतीचे पाणी दुसरीकडे वळवण्याचे जे निर्णय घेतले होते त्यांना कायद्याचे पांघरूण मिळाले. दराबद्दल लोकांना विचारायचे आणि वाटणीबद्दल नाही, असा याचा अर्थ. वाटणीत काही उरलेच नाही तर दर किती यावर चर्चा करून शेतकऱ्याने करायचे काय? राज्याच्या २००३ च्या जलधोरणात तर पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता आणि शेतीचा त्याच्या खाली. २०११ मध्ये शेतीला दुसरा क्रम परत मिळाला, तोही लोकांनी आरडाओरडा केल्यावर.

पुण्याबाबतही प्राधिकरणापुढे प्रकरण गेले. शहर आपल्या हक्कापेक्षा जास्त पाणी उचलते आणि आमच्या पाळ्या बुडतात, असा अर्ज खालच्या भागातल्या एका शेतकऱ्याने केला. डिसेंबर २०१८ मध्ये प्राधिकरणाने मापदंड लावून शहराला रोज ६३५ दशलक्ष लिटर, म्हणजे वर्षाला साधारण सव्वाआठ टीएमसी पाणी बसते, असे ठरवले. त्याआधी दोनच महिने कालवा समितीत रोजचे ११५० दशलक्ष लिटर ठरले होते, आणि शहर उचलत होते त्याहूनही जास्त. आज तो आकडा १५०० च्या वर आहे. लोकसंख्या किती धरायची यावर दोन्ही बाजूंचा वाद आहे आणि महापालिकेच्या म्हणण्यात काही तथ्यही आहे. पण एका शेतकऱ्याने रीतसर अर्ज करून, तारखा करून मिळवलेला निर्णय कागदावरच राहिला, ही गोष्ट गावोगावी पोहोचली आहे. त्यानंतर बैठकीला या म्हटले तर शेतकरी का येईल?

शहराची गळती आणि आपलीही

पुणे महापालिकेची समान पाणीपुरवठ्याची योजना आहे. पाण्याच्या ८२ टाक्या, नव्या वाहिन्या, लाखो मीटर, खर्च दोन हजार कोटींच्या वर. त्यासाठी २०१७ मध्ये महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखेही काढले. ही योजना मांडताना शहरात तीस ते चाळीस टक्के पाणी वाटेतच जाते असे धरलेले होते. २० टीएमसीतला तिसरा हिस्सा म्हणजे साडेसहा टीएमसीहून अधिक. योजना पुरी झाली तर सर्वांत मोठी बचत तीच ठरेल, आणि तिला शेतकऱ्याच्या सल्ल्याची गरजही नाही. ती रखडत राहिली, आणि बचतीचे भाषण मात्र आम्हाला ऐकवले जाते.

कालव्याची गोष्ट तशीच. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ नवा मुठा कालवा फुटला आणि गोरगरिबांच्या वस्तीत पाणी शिरले. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला, असे तेव्हाचे जलसंपदा मंत्री गिरीश महाजन म्हणाले होते. खेकड्यांना अर्थात कुठल्याच बैठकीला बोलावलेले नव्हते.

दुसरा हिशोब सांडपाण्याचा. महापालिकेने मुंढव्याला जॅकवेल बांधून दरवर्षी साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी जुन्या कालव्यात सोडायचे, आणि त्या बदल्यात धरणाचे पाणी शहराला, असा व्यवहार ठरला. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत या पट्ट्यातले शेतकरी फेसाची आणि वासाची तक्रार करत आले आहेत. ज्यांच्या रानात हे पाणी येते त्यांना माझे सांगणे आहे की, दरवर्षी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. पाण्याची क्षारता २.२५ च्या वर निघाली तर ते भारी काळ्या, निचरा नसलेल्या रानाला देऊ नका, आणि कच्च्या खायच्या पालेभाजीला तर हे पाणी नकोच. तपासणीचे कागद जपून ठेवा. बैठकीत तोंडी तक्रारीपेक्षा प्रयोगशाळेचा कागद जड जातो.

आता आपल्या घरातले. कालव्याच्या मुखाकडचे लोक उसाला मोकाट पाणी सोडतात आणि शेपटाकडच्याच्या ज्वारीला एक पाळी मिळत नाही, हे पुण्यातल्या कुठल्या साहेबाने केलेले नाही. सरी तुडुंब भरून वाहिली म्हणजे ऊस खूश झाला, ही समजूत अजून जात नाही. मोकळ्या पाण्यावरचा ऊस हेक्टरी दोन-अडीच कोटी लिटर पाणी पितो. ठिबकवर तोच ऊस निम्म्याच्या आसपास पाण्यात येतो आणि जमीनही चिबडत नाही. पाचट जाळू नका, सरीत पसरा. एक आड एक सरी भिजवून पाहा. ठिबकला लहान शेतकऱ्यास ८० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद राज्याने केली आहे, पण ते हातात पडायला वेळ लागतो हेही खरे, आणि तोवर दुकानदाराचे पैसे अडतात. या अडचणीवर एखादी सल्लामसलत झालेली मला तरी आठवत नाही.

पुरंदरच्या माळावरचा सल्ला

लोकांना विचारून पाणी वाटता येत नाही असे म्हणणाऱ्यांना मी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाठवीन. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनियर-कारखानदार तिथे गेले आणि पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीवर नाही, माणशी द्यायचे. दर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. हे नियम ऐकायला कडक आहेत, पण ते लोकांनी झाडाखाली बसून, भांडून मान्य केले. प्रत्येकाला धरलेले पाणी डोळ्यांनी दिसत होते आणि आपण सोडलेला वाटा कुणाच्या रानात जातो तेही दिसत होते. हिवरे बाजारला ग्रामसभा पाऊस मोजते आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ठरवते. नाशिककडे वाघाड धरणावर पाणी वापर संस्था पाणी मोजून घेतात आणि मोजून वाटतात.

या तिन्ही ठिकाणी आधी आकडा लोकांपुढे ठेवला गेला, मग सल्ला विचारला गेला, आणि ठरलेले सगळ्यांना सारखे लागू झाले. पुण्याच्या सभागृहात सल्ला आधी विचारतात आणि आकडा ठेवतच नाहीत.

पुढच्या बैठकीआधी

कालवा समितीची रब्बीची बैठक बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि उन्हाळ्याची फेब्रुवारी-मार्चच्या पुढेमागे होते. तेव्हा सप्टेंबर सरता सरता कामाला लागावे. एकट्याने पत्र देण्यापेक्षा पाणी वापर संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावासह द्या. सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने संस्थेला पाणी घनमापाने मिळण्याचा हक्क आहे, आणि संचालकांत मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे असे तिन्ही भागांतले लोक असले पाहिजेत. शेपटाकडच्याची सही ठरावावर पहिली घ्या, नाहीतर भांडण आधी गावातच होते.

पत्रात गाऱ्हाणे कमी आणि प्रश्न जास्त असू द्या. १५ ऑक्टोबरला धरणांत किती पाणी होते, शहरासाठी रोज किती मंजूर केले आणि रोज किती उचलले, मुंढव्याहून जुन्या कालव्यात प्रत्यक्ष किती सोडले, आणि आपल्या चारीला कोणत्या आठवड्यात किती दिवस पाणी मिळेल. एवढे चार प्रश्न पुरे आहेत. मागच्या बैठकीचे इतिवृत्त मागायला विसरू नका. ते सरळ मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आणि घरातल्या बाईमाणसांनी चारीच्या पाण्याच्या वेळा एका वहीत लिहून ठेवल्या असतील, तर तिची नक्कल पत्राला जोडा. पाणी आल्याची तारीख, वेळ आणि तुटल्याची वेळ, एवढे तीन रकाने आखले तरी चालतील.

पत्र हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका. ती प्रत संस्थेच्या दप्तराला लावून ठेवा. पुढच्या बैठकीला आपल्याला तीच घेऊन जायची आहे.